ट्रॅक्टरच्या डिझेल लाइनमधली हवा कशी काढायची: टाकीपासून नोझलपर्यंत

ऑक्टोबर छाटणी झालेली, घड फुलोऱ्यात आणि रात्रभर पाऊस. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. अशा सकाळी फवारा वेळेत गेला नाही तर डाऊनी (ओलाव्यात पसरणारा बुरशीचा रोग) वाट बघत नाही. निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेत काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध बंद पडला. ब्लोअरच्या टाकीत औषध कालवलेलं आणि ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल संपलेलं. मोटारसायकलवर जाऊन कॅन भरून आणला, ओतला, सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण लागलं नाही. परत मारला, परत मारला. अर्ध्या तासात बॅटरी बसली.

मेस्त्री दुपारी दीडला आले. आल्या आल्या म्हणाले, "दादा, आता सेल्फला हात लावू नका. डिझेल कुठवर आलंय ते आधी बघू." दोन पाने, एक फडकं आणि शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी, एवढ्यावर त्यांनी वीस मिनिटांत ट्रॅक्टर चालू करून दिला. सकाळी सातला मला हे येत असतं तर साडेसातला फवारा सुरू झाला असता. त्या वर्षी त्या चार ओळींमध्ये घड किती गळाले ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. ज्यांनी नुकताच ट्रॅक्टर घेतलाय किंवा वडिलांकडून हातात घेतलाय, त्यांच्यासाठी.

एकच गोष्ट डोक्यात ठेवा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने आपण जायचं. टाकी, कॉक, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप), पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मोठा पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा), नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा). मधलं स्टेशन सोडून पुढचं उघडायचं नाही.

१. आधी खात्री करा, हवाच आहे का?

डिझेल संपलं किंवा नळी उघडली की लाइनमध्ये हवा शिरते. डिझेल दाबलं तरी फारसं आकसत नाही, हवा मात्र आकसते. सगळा घोळ एवढाच. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या आसपासच्या दाबाला उघडतो. कारच्या टायरमधल्या हवेच्या हा नव्वद-शंभर पट दाब. पंपाने दाब दिला आणि नळीत डिझेलऐवजी हवेचा फुगा असला, तर तो फुगा स्प्रिंगसारखा आकसतो आणि परत फुलतो. नोझल उघडतच नाही. तुम्ही सेल्फ मारत राहता, पंप फुगा दाबत राहतो.

हवा धरल्याची लक्षणं अशी:

- इंजिन जोरात फिरतं पण सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही. धूर नाही म्हणजे नोझलमधून डिझेल पडत नाही.
- चालू होतं, मिनिट-दोन मिनिटं चालतं, हळूहळू दम तोडतं.
- रेस एका जागी ठेवली तरी इंजिन वर-खाली होतं, लोडवर मिसिंग मारतं.
- डिझेल संपल्यानंतर, फिल्टर बदलल्यानंतर किंवा एखादी नळी काढून बसवल्यानंतर लगेच हे सुरू झालं.

शेवटचं लक्षण सगळ्यात भरवशाचं. काल फिल्टर बदलला आणि आज ट्रॅक्टर लागत नाही, तर दुसरीकडे शोधत बसू नका.

पांढरा धूर भरपूर येतोय आणि तरी लागत नाही, तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली गेला की हे होतं, कधी हीटर किंवा बॅटरीचा दोष असतो. तिथे हवा काढून उपयोग नाही. आणि सेल्फच नीट फिरत नसेल तर आधी बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करा.

२. तुमचं इंजिन कुठल्या पद्धतीचं आहे ते बघा

हे वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ चे प्रदूषण नियम लागू झाले. त्यानंतरच्या मोठ्या ट्रॅक्टरपैकी बऱ्याच जणांना कॉमन रेल पद्धत आहे, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून दाबाचं डिझेल मिळतं. तिच्यात दाब हजार बारच्याही वर जातो. कॉमन रेल इंजिनाच्या नोझलच्या नळ्या घरी कधीही ढिल्या करायच्या नाहीत. तिथे फिल्टरवरचा प्रायमर (हाताने डिझेल ढकलायची सोय) दाबून किंवा चावी ऑन करून इलेक्ट्रिक पंपाने डिझेल भरू द्यायचं आणि सेल्फ मारायचा, एवढंच. त्याने नाही झालं तर सर्व्हिसवाल्याला बोलवायचं.

द्राक्षबागेतले छोटे ट्रॅक्टर आणि जुने ३५ ते ५० एचपीचे ट्रॅक्टर बहुतेक जुन्या, म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या पद्धतीचे असतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे. त्यातही दोन जाती. मोठ्या पंपाच्या डोक्यावर नळ्या एका रांगेत निघत असतील तर तो इनलाइन पंप. नळ्या एका टोकाला गोलाकार निघत असतील तर तो रोटरी पंप. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे फोनवर मेस्त्रीला विचारताना कामाला येतो.

काही छोट्या ट्रॅक्टरमध्ये चावी ऑन केली की इलेक्ट्रिक पंप टिकटिक करत डिझेल फिरवतो आणि हवा आपोआप टाकीत परत जाते. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये तशी सोय असेल तर टाकी भरा, चावी एक-दोन मिनिटं ऑन ठेवा आणि मग सेल्फ मारा. बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

३. काय काय जमवायचं

कागदपत्रांत ट्रॅक्टरसोबत मिळालेलं मॅन्युअल आणि सर्व्हिस बुक. मॅन्युअलमध्ये डिझेल लाइनचं चित्र असतं, त्यावर एअर बोल्ट, म्हणजे हवा बाहेर सोडायचे बोल्ट, कुठे आहेत ते दाखवलेलं असतं. आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस बुक बघून ठरवा. फिल्टरवरचा एअर बोल्ट तुम्ही उघडायला हरकत नाही, पण पंपाचं सील तुटलं तर वॉरंटीचा वाद सुरू होतो.

हत्यारं आणि सामान:

- ८ ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने. एअर बोल्टला बहुतेक ८, १०, १२ किंवा १३ लागतो, नोझलच्या नळीच्या नटला १७ किंवा १९.
- ५ ते १० लिटर स्वच्छ डिझेल.
- हातभर पारदर्शक प्लास्टिक नळी आणि पाण्याची रिकामी बाटली.
- तांब्याचे नवे वायसर, चार-सहा. दुकानात फिल्टर घेतानाच मागून घ्या.
- धागे न सुटणारं सुती फडकं. जुनं धोतर उत्तम, टॉवेल नको.
- खाली ठेवायला घमेलं, टॉर्च किंवा मोबाइलचा उजेड.
- चष्मा आणि हातमोजे.

डिझेलच्या भांड्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आमच्याकडे पंप जातो तो इथेच. बागेत भांडी सगळी फवारणीची असतात. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) कालवलेली बादली धुतली तरी कडेला चुना राहतो. औषधाचा रिकामा कॅन तर घ्यायचाच नाही. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात फट असते ती २ ते ४ मायक्रॉनची, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात, म्हणजे नाशिककर अजून ज्याला मायको म्हणतात तिथे, हेच नोझल बनतात. इतक्या बारकाईने बनवलेल्या वस्तूत आपण चुन्याचा कण घालायचा आणि मग पंप खराब निघाला म्हणायचं, हे बरोबर नाही. डिझेलसाठी एक कॅन आणि एक गाळणी वेगळी ठेवा, त्यावर रंगाने मोठ्ठं "डिझेल" लिहा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

४. ट्रॅक्टर उभा करताना

सपाट जागा, हँडब्रेक, न्यूट्रल, पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा) बंद. ब्लोअर किंवा रोटाव्हेटर जोडलेला असेल तर तो खाली टेकवा. चाकामागे दगड लावा. इंजिन तापलेलं असेल तर निवू द्या, कारण डिझेल गरम सायलेन्सरवर सांडलं तर पेटू शकतं. बिडी-सिगारेट लांब.

कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावला किंवा पिंपळगावला निघालात आणि रस्त्यात बंद पडलात, तर आधी इंडिकेटर लावा, मागे लांब काहीतरी खूण ठेवा, आणि जमेल तेवढं कडेला घ्या. राहुड घाटासारख्या उतारावर हे काम करूच नका. ट्रॉलीसकट ओढून सपाटीला आणा, मग पाने काढा.

सेल्फ आणि डायनामो डिझेलच्या नळ्यांच्या खाली असतील तर त्यांच्यावर प्लास्टिकची पिशवी टाका. डिझेल आत गेलं की दोन्हींचं नुकसान होतं.

५. टाकी, कॉक आणि झाकण

टाकी निदान अर्धी भरा. दोन लिटर डिझेल टाकून हवा काढायला बसू नका. दिंडोरी, पेठ, कळवणकडे ज्यांची रानं चढ-उताराची आहेत त्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. टाकीत डिझेल थोडं असलं आणि ट्रॅक्टर तिरका झाला की डिझेल एका कोपऱ्यात जातं, टाकीच्या तळाचं डिझेल बाहेर जायचं तोंड उघडं पडतं आणि लाइन हवा ओढते. मीटरवर काटा लालच्या वर असतानाही हे होतं.

टाकीखालचा कॉक पूर्ण उघडा आहे ना ते बघा. पोरं खेळताना फिरवतात, धुताना फिरतो.

झाकणाला बारीक भोक असतं. चिखलाने ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. झाकण उघडताना "सुस्स" असा आवाज आला तर भोक बुजलंय. तार घालून साफ करा. एवढ्यावर चालू झालेला ट्रॅक्टर मी पाहिलाय.

मग तळाचा पाण्याचा बोल्ट किंवा काचेची वाटी असेल तर ती ढिली करून खालचं पाणी आणि गाळ घमेल्यात काढा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि वेगळं दिसतं. निव्वळ डिझेल येईपर्यंत वाहू द्या.

६. फीड पंप आणि हाताचा प्रायमर

मोठ्या पंपाला चिकटून किंवा इंजिनाच्या कुशीत एक छोटा पंप असतो, तो फीड पंप. त्याला हाताने मारायची सोय असते. कुणाला काळी गोल मुठ असते, ती आधी डावीकडे फिरवून सोडवायची आणि मग वर-खाली मारायची. कुणाला लहानशी पट्टी असते, ती दाबायची.

नवशिक्या इथे हमखास अडकतो. पट्टी दाबली तर ती लुळी लागते, जोरच लागत नाही. पंप बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो. आतला कॅम (इंजिनासोबत फिरणारा उंचवटा) नेमका वर येऊन थांबलेला असतो, त्यामुळे पट्टीने पंपाचा आतला पडदा हलायला जागाच उरत नाही. सेल्फला फक्त एक टिचकी द्या, इंजिन जरासं फिरेल, पट्टीला परत जोर येईल.

७. फिल्टरची हवा

बऱ्याच ट्रॅक्टरला दोन फिल्टर शेजारी शेजारी असतात. पहिला म्हणजे फीड पंपाकडून ज्यात डिझेल येतं तो. नळी बोटाने धरून मागे जा, कळेल. त्याच्या डोक्यावर एअर बोल्ट असतो.

बोल्टच्या भोवतीची माती आधी ब्रशने आणि फडक्याने पुसून काढा. मग बोल्ट एक-दीड फेरा ढिला करा. पूर्ण काढायचा नाही. बोल्टला नळी बसवता येत असेल तर पारदर्शक नळी लावून दुसरं टोक बाटलीतल्या डिझेलात बुडवा. आता प्रायमर मारा, सावकाश, पूर्ण फेऱ्याने.

आधी काहीच येत नाही. दहा-वीस वेळा मारल्यावर बोल्टच्या आट्यांतून फेस यायला लागतो, साबणाच्या पाण्यासारखा पांढरट, थुंकल्यासारखा फसफसत. घाई करू नका. फेस विरळ होतो, त्यातून मोठे बुडबुडे निघतात, एखादा "फुट" असा फुटतो. मग बुडबुडे बारीक होतात, मोहरीएवढे. इथे बहुतेक लोक थांबतात आणि इथेच चुकतात. मोहरीएवढा बुडबुडाही चालत नाही. उजेड धरून बघा, डिझेल काचेसारखं एकसंध वाहायला लागलं की प्रायमर मारत असतानाच बोल्ट आवळा. हात थांबवून आवळलात तर शेवटच्या क्षणी हवा परत आत ओढली जाते. दोन माणसं असतील तर एकाने प्रायमर धरावा. आमच्याकडे प्रायमरला माझी पुतणी असते आणि "आवळ काका" हा हुकूम तीच देते.

मग दुसरा फिल्टर, तसंच. पहिला झाल्याशिवाय दुसरा नाही.

फिल्टर नवा बसवला असेल तर दोन गोष्टी तपासा. जुनं रबरी रिंग वर डोक्यालाच चिकटून राहतं, आपण त्यावर नवं बसवतो आणि दोन रबरांच्या मधून हवा येत राहते. बोट फिरवून जुनं निघालंय ना ते बघा. आणि तांब्याचा वायसर प्रत्येक वेळी नवा घाला. नवा मिळाला नाही तर जुना चिमट्यात धरून लालबुंद तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं आणि परत बसतं.

आवळताना जोर बेताचा. फिल्टरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, आटे एकदा गेले की अख्खं डोकं बदलावं लागतं.

८. मोठ्या पंपाची हवा

इनलाइन पंपाच्या अंगावर, वरच्या बाजूला एक किंवा दोन एअर बोल्ट असतात. फिल्टरकडून येणाऱ्या नळीच्या जवळचा आधी, मग दुसरा. कृती तीच.

रोटरी पंपाला बहुतेक दोन जागा असतात, एक पंपाच्या अंगावर आणि एक वरच्या झाकणावर. आधी अंगावरचा, मग झाकणावरचा. पुढे जायच्या आधी हेही बघा: ज्या ट्रॅक्टरला इंजिन बंद करायची दोरी ओढायची असते, तिथे ती पूर्ण आत ढकललेली हवी. जिथे चावीनेच बंद होतं, तिथे चावी ऑन हवी, नाहीतर पंपातला व्हॉल्व्ह बंदच राहतो आणि नोझलकडे थेंबही जात नाही.

ज्या बोल्टला तार बांधलेली आहे किंवा शिशाचं सील आहे त्याला हात लावायचा नाही. तो हवेचा बोल्ट नव्हे, रेसचं किंवा डिझेलचं माप ठरवणारा आहे. तो फिरला तर ट्रॅक्टर पंपवाल्याकडे न्यावा लागतो.

इथवर झालं की प्रायमर हाताला जड लागायला लागतो. हीच खूण. आता मुठीचा प्रायमर असेल तर मुठ दाबून उजवीकडे फिरवून घट्ट करा. तशीच मोकळी सोडली तर तिथूनच डिझेल गळतं आणि हवा येते.

आता एकदा सेल्फ मारून बघा. रेस अर्ध्यावर, १० सेकंद. फक्त डिझेल संपल्याने बंद पडलेला ट्रॅक्टर खूपदा इथेच लागतो, नोझलपर्यंत जावंच लागत नाही.

९. नोझलच्या नळ्या, सगळ्यात शेवटी

इथे चष्मा आणि हातमोजे घालाच. नोझलमधून किंवा नळीच्या बारीक भेगेतून दाबाने निघालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं. वर दिसतो फक्त सुई टोचल्याएवढा ठिपका, दुखतही नाही लगेच. पण आत मांस सडायला लागतं आणि बोट, कधी हात गमवावा लागतो. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाचं डिझेल कातडीत शिरलंय. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

कृती अशी. नोझलच्या डोक्यावर जिथे लोखंडी नळी बसते तो नट अर्धा ते एक फेरा ढिला करा. नळी धरून वाकवू नका. तीन किंवा चार सिलिंडरच्या इंजिनात आधी दोनच नळ्या ढिल्या केल्या तरी पुरतं. वर फडकं टाका, तोंड लांब ठेवा. रेस पूर्ण, स्टॉपची दोरी आत, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. १० ते १५ सेकंद, त्याच्या वर नाही. मग निदान एक मिनिट थांबा. सेल्फ तापला की त्याचं वायंडिंग जळतं, आणि त्याचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट.

नटाजवळ आधी ओलसर फेस दिसतो, मग डिझेल थेंबाथेंबाने, मग प्रत्येक फेऱ्याला "टुक-टुक" करत उसळतं. उसळी बिनफेसाची आली की सेल्फ थांबवून नट आवळा. मग उरलेल्या नळ्या. दोन नळ्या भरल्या की इंजिन बहुतेक अडखळत, खोकल्यासारखं चालू होतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसतो. तो धूर बघून जीव भांड्यात पडतो.

इंजिन चालू असताना नळ्या ढिल्या करून हवा काढणारे मेस्त्री मी पाहिलेत. त्यांचा हात बसलेला असतो. तुम्ही करू नका.

१०. चालू झाल्यावर

रेस आयडलच्या थोडी वर ठेवून पाच-दहा मिनिटं चालू द्या. उरलेली बारीक हवा परतीच्या नळीतून टाकीत जाते. मग सगळे बोल्ट आणि नट कोरडे पुसा, पाच मिनिटांनी परत बघा. जिथे ओलं दिसेल तिथे इंजिन बंद करून आवळा. लगेच शेतात घालू नका, अंगणात एक फेरी मारा, लोड देऊन बघा.

या चुका टाळा

एअर क्लीनरमध्ये पेट्रोल किंवा ईथरचा स्प्रे मारून चालू करायचा प्रकार करू नका. हीटर असलेल्या इंजिनात त्याचा भडका उडतो, पिस्टनला तडा जाऊ शकतो. डिझेल नोझलला पोचलेलंच नाही, मग भडका उडवून काय साधणार?

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करायलाही आपल्याकडे लगेच लोक जमतात. हवा असताना ओढून उपयोग होत नाही, गिअरवर ताण येतो आणि साखळी तुटली तर माणूस जायबंदी होतो.

टाकीच्या तोंडाला फडकं लावून कॉम्प्रेसरची हवा मारू नका. टाकी फुगते, सांधे सुटतात.

आणि सगळे बोल्ट एकदम ढिले करून प्रायमर मारत बसू नका. पहिल्या बोल्टमधूनच सगळं डिझेल वाहून जातं, पुढे काही पोचत नाही.

११. हवा आली कुठून?

डिझेल संपलं होतं तर उत्तर सरळ आहे. पण टाकी भरलेली असताना दर आठ दिवसांनी हवा धरत असेल, तर कुठेतरी भोक आहे आणि ते शोधल्याशिवाय सुटका नाही.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढणारा असतो, फीड पंपाच्या पुढचा भाग ढकलणारा. ढकलणाऱ्या भागात गळती असली तर डिझेल बाहेर येतं, डोळ्याला दिसतं. ओढणाऱ्या भागात भेग असली तर बाहेर थेंबही येत नाही, इंजिन चालू असताना तिथून गुपचूप हवा आत जाते. म्हणून "कुठेच गळत नाही तरी हवा धरतो" अशी तक्रार असेल, तर सरळ टाकी ते फीड पंप एवढ्याच भागात शोधा.

बघायच्या जागा: रबरी नळी जिथे वाकते तिथल्या बारीक चिरा, ढिल्या क्लिपा, कॉकच्या दांडीचं रबर, काचेच्या वाटीचं पॅकिंग. आणि उंदीर. कांदा चाळीत किंवा गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरची रबरी नळी उंदीर कुरतडतात, आणि दात लागलेली जागा बऱ्याचदा नळीच्या खालच्या अंगाला असते. नळी हाताने वाकवून, फिरवून बघा.

नाही सापडलं तर ही चाचणी करा. फीड पंपाला येणारी टाकीची नळी सोडा, कॉक बंद करा. स्वच्छ डिझेलचा कॅन टाकीएवढ्या उंचीवर ठेवून नव्या नळीने फीड पंपाला जोडा, हवा काढा आणि इंजिन अर्धा तास चालवा. नीट चाललं तर दोष टाकी, कॉक किंवा जुन्या नळीत. तरीही हवा धरली तर दोष फीड पंपात किंवा त्याच्या पुढे. आमच्या ट्रॅक्टरची तीन महिन्यांची डोकेदुखी या चाचणीने एका दुपारी सापडली. कॉकच्या दांडीतलं पैशाएवढंही नसलेलं रबर कडक झालं होतं.

पुन्हा वेळ येऊ नये म्हणून आम्ही संध्याकाळी ट्रॅक्टर लावतानाच टाकी भरतो. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरतं, तेच पाणी सकाळी फिल्टरमध्ये जातं. ड्रममधून डिझेल घ्यायचं तर ड्रम रात्रभर हलवायचा नाही आणि तळचं चार बोटं डिझेल टाकीत ओतायचं नाही.

१२. मेस्त्रीला कधी बोलवायचं

क्रमाने दोनदा सगळं केलं, प्रायमरला जोर आहे, पंपाच्या बोल्टमधून बिनफेसाचं डिझेल येतंय, तरी नोझलच्या नळीत काहीच उसळत नाही, तर दोष मोठ्या पंपात किंवा त्याच्या बंद करायच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. प्रायमर कितीही मारला, कॅम फिरवून पाहिला, तरी लुळाच, तर फीड पंपाचा पडदा किंवा व्हॉल्व्ह गेलाय. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन अजिबात चालू करू नका, ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात.

फोन करताना एवढं सांगा: कोणत्या बोल्टपर्यंत स्वच्छ डिझेल आलं, धूर कोणता येतोय, शेवटचा फिल्टर कधी बदलला आणि पंप इनलाइन आहे की रोटरी. मेस्त्री त्याप्रमाणे सामान घेऊनच निघतो, पिंपळगावहून दुसऱ्यांदा फेरी मारावी लागत नाही.